फुकटचे व्हिडिओ एडिटर, तीन मशीन, आठ महिने: टाकायला पाच मिनिटं, काढायला अख्खी दुपार

आधीच सांगते, मी काही एडिटर वगैरे नाही. ऑनलाइन लेक्चरं रेकॉर्ड करते, त्यातले "आवाज येतोय का सगळ्यांना?" वाले तुकडे उडवते, सुरुवातीला विषयाचं नाव टाकते, झालं काम. एवढ्याशा कामासाठी आठ महिन्यांत शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट आणि दाविंची रिझॉल्व्ह अशी चार सॉफ्टवेअरं विंडोज, मॅक आणि लिनक्सवर टाकून काढून झाली, काही तर दोनदा. कशात कट चांगला बसतो ह्यावर लिहिणारे ढीगभर आहेत. माझा जास्त वेळ टाकण्या-काढण्यात गेला म्हणून तेच लिहितेय.

विंडोजवर पहिलाच घोळ माझ्या घाईमुळे झाला. नाव सर्च केलं, वरची लिंक उघडली, मोठ्ठं हिरवं डाउनलोड बटण दिसलं आणि दाबलं. साइट भलत्याच कोणाची तरी होती. एक चिमुकला इन्स्टॉलर आला, मी नेक्स्ट नेक्स्ट करत गेले, आणि एडिटर आला खरा पण सोबत ब्राउझरचं होमपेज बदललेलं आणि एक "तुमचा पीसी स्लो झालाय" म्हणून दर दहा मिनिटांनी डोकं खाणारा क्लीनर. तो एडिटरपेक्षा चिवट निघाला. म्हणून आता सॉफ्टवेअरची स्वतःची साइट सोडून कुठूनही काही उतरवत नाही. ह्यात बंद झालेल्या सॉफ्टवेअरची नावं तर जास्तच धोक्याची. मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकर जानेवारी २०१७ मध्ये बंद केला आणि त्याच वर्षी त्याच्या नावाने एक नकली कॉपी फिरत होती जी व्हिडिओ सेव्ह करताना पैसे मागायची.

ओरिजिनल साइटवरून घेतलं तरी कधीकधी विंडोज निळी पाटी दाखवून अडवतं, "मोअर इन्फो" दाबल्यावर खाली "रन एनीवे" येतं. फाइल कुठून घेतली हे नक्की माहीत असेल तरच दाबा. कमांडची भीती नसेल तर विंगेट (विंडोजचंच, कमांडने सॉफ्टवेअर टाकायचं साधन) बघा, एका ओळीत टाकता येतं, एका ओळीत काढता येतं, आणि खोटी हिरवी बटणं मध्ये येतच नाहीत.

आता काढण्याचं. सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून मी शॉटकट उडवलं. सेटिंग्ज, अॅप्स, अनइन्स्टॉल, दोन मिनिटांत काम झालं, ड्राइव्ह बघितला तर लाल तो लालच. मग शोधत बसले. हिडन फाइल्स चालू केल्या, अॅपडेटा, त्यात लोकल, त्यात मेल्टीटेक नावाचा फोल्डर (शॉटकट ह्याच नावाखाली राहतं हे माहीत नसेल तर जन्मात सापडणार नाही), त्यात शॉटकट, त्यात प्रॉक्सीज, आणि राइट क्लिक करून साइज बघितला तर तेवीस जीबी! प्रॉक्सी म्हणजे मोठ्या व्हिडिओची हलकी कॉपी, जुन्या लॅपटॉपवर टाइमलाइन अडखळू नये म्हणून सॉफ्टवेअर बनवून ठेवतं, शॉटकटमध्ये नेहमीची सेटिंग ५४० पी. एक्सपोर्ट मूळ फाइलवरूनच होतो, त्यामुळे काम संपल्यावर ह्या कॉप्यांचा काही उपयोग नाही. पण मी आठ महिन्यांत एकदाही साफ केल्या नव्हत्या, सगळी लेक्चरं तिथे झोपलेली. त्यात वाईट हे की सेटिंग्ज मेनूत "अॅप डेटा डिरेक्टरी, शो" असं बटण आधीपासून होतं. ते दाबलं असतं तर फोल्डर थेट समोर उघडला असता, पण सॉफ्टवेअरच उडवून बसल्यावर बटण कुठून दाबणार?

अजून एक गोष्ट ह्यातूनच कळली. काहीतरी बिघडलं की आपण पटकन काढून परत टाकतो ना, त्याने बऱ्याचदा काहीच होत नाही, कारण सेटिंग्ज मागेच राहिलेल्या असतात आणि नवीन इन्स्टॉल तीच जुनी सेटिंग उचलतं. मी शॉटकट परत टाकलं तर पॅनेल होती तशी वेडीवाकडी पुन्हा हजर. केडेनलाइव्हमध्ये हेल्प मेनूत रिसेट कॉन्फिगरेशन आहे, आधी ते करून बघा, परत डाउनलोड करायच्या भानगडीत पडू नका.

मॅकवर टाकणं सोपं वाटतं, डीएमजी (मॅकवर डाउनलोड होणारी इन्स्टॉलची फाइल) उघडा आणि आयकॉन अॅप्लिकेशन्समध्ये ओढा. मी ओढलाच नव्हता. दोन दिवस डीएमजीतूनच चालवत होते आणि रीस्टार्ट केल्यावर अॅप गेलं कुठे म्हणून हुडकत होते, हसू नका. केडेनलाइव्हच्या डाउनलोड पानावर इंटेल आणि अॅपल चिपसाठी वेगळ्या फाइली आहेत, तेवढं बघून घ्या. अनोळखी अॅपला मॅक अडवतो तेव्हा आधी कंट्रोल क्लिक करून ओपन म्हटलं की चालायचं, २०२४ च्या मॅकओएस सिकोयापासून ती पळवाट बंद झाली, आता सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन "ओपन एनीवे" करावं लागतं.

काढताना अॅप ट्रॅशमध्ये टाकलं की संपलं असं सगळेच सांगतात. नाही संपत. फाइंडरच्या गो मेनूत ऑप्शन दाबून धरलं की लायब्ररी दिसते, त्यात अॅप्लिकेशन सपोर्टमध्ये उरलंसुरलं पडलेलं असतं. रिझॉल्व्ह तर ट्रॅशमध्ये ओढायचंच नाही, त्याच्या फोल्डरमध्ये स्वतःचा अनइन्स्टॉलर आहे. तो चालवल्यावर मी फार शहाणी होऊन उरलेले फोल्डर हाताने उडवायला बसले. मूव्हीजमधला कॅशेक्लिप उडवला, ते ठीकच, ते रेंडरचे, म्हणजे प्रीव्ह्यूसाठी आधीच बनवून ठेवलेले तुकडे असतात. मग अॅप्लिकेशन सपोर्टमधलं पण सिलेक्ट केलं, बोट डिलीटवर, आणि आत प्रोजेक्ट लायब्ररी असं नाव दिसलं. रिझॉल्व्हचं प्रोजेक्ट आपण फाइल म्हणून कुठे सेव्ह करत नाही, ते त्याच्या डेटाबेसमध्ये राहतं, आणि तो डेटाबेस हाच! माझी अकरा लेक्चरं अर्धवट एडिट केलेली तिथे होती. परत रिझॉल्व्ह टाकलं, एकेक प्रोजेक्ट डीआरपी फाइल म्हणून बाहेर काढलं, आणि मग परत काढलं. अख्खी दुपार गेली. शॉटकट, केडेनलाइव्हचं प्रोजेक्ट म्हणजे आपण ठेवू तिथे राहणारी साधी फाइल, त्यामुळे तिथे हा जीव घाबरा होत नाही.

लिनक्सवाल्यांना सांगायला नको पण नवीन लोकांसाठी लिहिते. अॅपइमेज म्हणजे एकच फाइल, एक्झिक्युटेबलची परवानगी द्या आणि चालवा, नको झाली की फाइल डिलीट. उबुंटू २२.०४ पासून मात्र डबल क्लिक केलं तर काहीच होत नाही, एरर पण दिसत नाही, कारण अॅपइमेजला लागणारी लिबफ्यूज-टू नावाची लायब्ररी सोबत येत नाही, ती आधी टाकावी लागते. फ्लॅटपॅकमध्ये (लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायची दुसरी पद्धत) केडेनलाइव्ह घेतलं तर सोबत केडीईचं रनटाइम, म्हणजे ते चालायला लागणाऱ्या सामायिक फाइली, पण उतरतं, पहिल्यांदा डाउनलोड बघून दचकू नका. काढताना कमांडला डिलीट-डेटा लावलं की त्याचा खासगी फोल्डर पण जातो आणि नंतर अनयूज्ड लावून रनटाइम झाडता येतं, तिन्ही मशीनवर मला सगळ्यात स्वच्छ जाणारं हेच वाटलं. स्नॅप ही उबुंटूची अशीच पद्धत, त्यातलं काही काढलं तर तो गुपचूप डेटाचा स्नॅपशॉट ठेवतो, एरवी एकतीस दिवस, नको असेल तर पर्ज लावा. एपीटीच्या (उबुंटूची नेहमीची इन्स्टॉल कमांड) पर्जला मात्र भुलू नका, तो होम फोल्डरला हातच लावत नाही.

लिनक्सवर रिझॉल्व्ह मी एकच दिवस ठेवलं. फुकटच्या आवृत्तीत तिथे एच२६४ (व्हिडिओचा नेहमीचा फॉरमॅट) चालत नाही, एएसी (आवाजाचा तसाच फॉरमॅट) पण नाही, म्हणजे माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगचा विषयच संपला. कंपनीच्या कोडेक (चालणाऱ्या फॉरमॅटच्या) यादीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मी न वाचता टाकलं.

सध्या विंडोजवर शॉटकट, लिनक्सवर केडेनलाइव्हचं फ्लॅटपॅक, मॅकवर रिझॉल्व्ह अजून काढायचं ठरत नाहीये कारण त्याचं आवाजाचं पान खरंच भारी आहे. प्रॉक्सी मी शॉटकटच्या प्रॉक्सी सेटिंगमधून बाहेरच्या ड्राइव्हवर वळवली, फोल्डरचं नाव "कचरा" ठेवलंय, लेक्चर अपलोड झालं की आतलं सगळं उडवते, उघडून बघत पण नाही.

ओपनशॉटबद्दल फार लिहिलं नाही कारण दोन आठवड्यांतच काढलं होतं. पण हे टाइप करताना सहज मॅकवर होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइली दाखवल्या, तर डॉटने सुरू होणारा ओपनशॉट-क्यूटी फोल्डर अजून तिथेच, आत थंबनेल, बॅकअप, सगळं. सहा महिने झाले काढून. थांबा, आधी विंडोजवर पण बघून येते.