जीएस१ इंडियाचा बारकोड: काजू, कोकम, मसाला विकणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी वाचा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जत्रेतल्या फेरीत खाजे, सोलं, मिरची विकायची असेल तर बारकोड लागत नाही. कायद्यानेही तो सक्तीचा नाही. पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता हे वैध मापनाचे नियम मागतात, खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक लागतो. बारकोड मागतो तो सुपरमार्केटचा खरेदी विभाग, ऑनलाइन बाजारपेठ आणि परदेशातला आयातदार. या तिघांपैकी कुणाच्या दारात जायचं नसेल तर हा खर्च टाळावा. जायचं असेल तर भारतात बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडियाकडूनच क्रमांक घ्यावा, दुसऱ्या कुणाकडून नाही. सेवेबद्दलचं आमचं मत थोडक्यात असं: क्रमांक पक्का, नोंदणी बऱ्यापैकी सरळ, पण क्रमांक हातात आल्यावर जे काम उरतं त्याची कल्पना पैसे भरणाऱ्याला नसते, आणि घोळ तिथेच होतात.

जीएस१ ही ब्रसेल्सला मुख्यालय असलेली संस्था. जगभरच्या मालाला एकमेकांत न गोंधळणारे क्रमांक देणं आणि त्या क्रमांकांवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांचे मसुदे ठरवणं, हे तिचं काम. किराणा मालावरचा बारकोड पहिल्यांदा काउंटरवर वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावात, च्युइंगगमच्या पाकिटावर. भारतातली शाखा १९९६ पासून आहे आणि तिला मिळालेला उपसर्ग ८९०. इथे एक गैरसमज मोडायला हवा. ८९० म्हणजे ‘भारतात बनलेला माल’ नव्हे, तो क्रमांक भारतीय शाखेकडून घेतलेला आहे एवढाच त्याचा अर्थ. परदेशी काजू आणून इथे भाजून भरला तरी पाकिटावर ८९०च येणार. बारकोडकडे बोट दाखवून ‘अस्सल गोंयचे काजू’ असं गिऱ्हाइकाला सांगणाऱ्या दुकानदाराला तो अर्थ पुरवायला भौगोलिक मानांकन आहे, बारकोड नाही.

नोंदणी ऑनलाइन होते. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, फर्मच्या अस्तित्वाचा पुरावा (भागीदारी करार किंवा कंपनीचे कागद), रद्द केलेला चेक आणि उलाढालीचा पुरावा म्हणून ताळेबंद तयार ठेवा. शुल्क उलाढालीवर आणि तुम्हाला किती क्रमांक हवेत यावर ठरतं, वर जीएसटी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे एकदाचं काम नाही, नूतनीकरणाचे पैसे पुढेही भरावे लागतात. छोट्या उद्योगांना बारकोड शुल्काचा मोठा हिस्सा परत देण्याची तरतूद केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाने केलेली आहे. पैसे भरण्यापूर्वी मडगावच्या एमएसएमई कार्यालयात सध्याचे नियम विचारा आणि पावत्या जपून ठेवा.

किती क्रमांक घ्यायचे? पाकिटावरच्या नेहमीच्या बारकोडला ईएएन-१३ म्हणतात. त्याच्या तेरा अंकांत शेवटचा तपासणी अंक, म्हणजे आधीच्या अंकांत चूक नाही ना हे पाहणारा. उरलेल्या बारांत आधी कंपनीचा उपसर्ग (८९० धरून), मग वस्तूचा क्रमांक. उपसर्ग दहा अंकी असेल तर शंभर वस्तू बसतात, नऊ अंकी असेल तर हजार. शंभर पुष्कळ वाटतात, पण प्रत्येक चवीला आणि प्रत्येक वजनाला वेगळा क्रमांक लागतो. सालासकट भाजलेले, खारवलेले आणि साधे काजूगर, तिन्ही २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम आणि एक किलोत: नऊ क्रमांक इथेच गेले. त्यात चतुर्थीची भेटपेटी, टुरिस्टांसाठीची छोटी पाकिटं, आगळाच्या (कोकमाच्या खारट रसाच्या) दोन बाटल्या, खोल गावच्या मिरचीची पूड. तरीही छोट्या घटकाला शंभर पुरतात, हजारचे पैसे भरू नका.

वजन बदललं की नवा क्रमांक. ब्रँडचं नाव बदललं की नवा. लेबलाची नक्षी बदलली तर जुनाच चालतो. बंद केलेल्या वस्तूचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला देता येत नाही, २०१९ पासून तो नियम जगभर पक्का आहे. एमआरपी बारकोडात नसते, ती दुकानाच्या संगणकात असते. म्हणून जुन्या आणि नव्या किमतीचा माल एकाच फळीवर आला की काउंटरवर ‘कोणती एमआरपी?’ असा प्रश्न पडद्यावर येतो आणि गर्दीच्या वेळी हमखास चुकीची निवडली जाते. जुना माल संपल्याशिवाय नवा पाठवू नका, हाच त्यावरचा व्यवहारी उपाय.

इंटरनेटवर शंभर-दोनशे रुपयांत ‘आयुष्यभराचा बारकोड’ विकणारे भरपूर आहेत. ते पट्ट्यांचं चित्र विकतात. त्यातला उपसर्ग दुसऱ्याच कंपनीच्या नावावर नोंदलेला असतो, आणि मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा क्रमांक जीएस१ च्या नोंदींशी ताडून पाहतात. नाव जुळलं नाही की लिस्टिंग अडतं, तोवर हजारो पाऊच छापून झालेले असतात. जीएस१ च्या संकेतस्थळावर कुठलाही क्रमांक टाकून तो कुणाचा आहे ते पाहता येतं. त्यासाठी दोन मिनिटं खर्चायला कुणाची ना नसावी.

तपासणी अंक हाताने काढता येतो आणि एकदा काढून बघावाच. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. पहिला, तिसरा, पाचवा अशा जागांची बेरीज २८. दुसरा, चौथा, सहावा अशांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात? शून्य. म्हणून पूर्ण क्रमांक ८९०१२३४५६७८९०. एक अंक चुकला तर हा हिशेब पकडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतो. त्या दोघांत बरोबर पाचाचा फरक असला, जसे १ आणि ६, तर मात्र चूक निसटते. म्हणून क्रमांक टाइप करू नका, कॉपी करा. आणि एक्सेलमध्ये तो कप्पा आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर तेरा अंकांचं ८.९०१२३ई+१२ होतं, सुरुवातीला शून्य असलं तर ते गळतं, आणि अठरा अंकी क्रमांकाचे शेवटचे तीन अंक कायमचे शून्य होतात, कारण एक्सेल पंधरा अंकांपलीकडची अचूकता ठेवत नाही.

आता छपाई. दुकानातून माल परत येतो तो बहुधा हिच्यामुळे.

ईएएन-१३ चा मूळ आकार ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर, दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून. ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, म्हणजे साधारण ३० × २१. डावीकडे ३.६३ आणि उजवीकडे २.३१ मिलिमीटर कोरी जागा मूळ आकाराला हवीच. डिझाइन करणारा पोरगा नेमकी तीच जागा खातो, कारण त्याला ती वाया गेलेली वाटते. चौकटीची रेघ पट्ट्यांना चिकटली की स्कॅनरला कोड कुठे सुरू होतो ते कळत नाही. पट्ट्यांची उंची कापली तरी वाचन होतं, पण पाकीट नेमक्या कोनात धरावं लागतं. काउंटरवरची मुलगी तीनदा फिरवते, मग हाताने अंक टाइप करते.

रंगाचा नियम कोकमवाल्यांनी पाठ करावा. दुकानातला स्कॅनर लाल प्रकाश टाकतो. लाल पट्टी त्याला पांढरी दिसते. भिरंडेच्या (कोकमाच्या) रंगाचं सुंदर लेबल करून त्यावर गडद लाल पट्ट्या छापल्या तर डोळ्याला कोड दिसतो, यंत्राला कोरा कागद. पांढऱ्यावर काळा हे सगळ्यात सुरक्षित. पिवळ्या-नारिंगी पार्श्वभूमीवर काळा, गडद निळा किंवा हिरवा चालतो. पारदर्शक पाऊचवर पट्ट्यांखाली दाट पांढरा थर द्या, नाहीतर आतल्या काजूंच्या सावल्या पट्ट्यांत मिसळतात. आणि मोबाइलने स्कॅन झालं म्हणजे झालं असं धरून चालू नका: कॅमेरा लाल पट्ट्याही वाचतो, दुकानाचा स्कॅनर वाचत नाही. प्रेसकडून आयएसओ १५४१६ (बारकोडच्या छपाईचा दर्जा मोजायचं मानक) प्रमाणे तपासणी अहवाल मागा, किमान १.५ श्रेणी हवी.

आगळाच्या किंवा सरबताच्या बारीक बाटलीवर पट्ट्या उभ्या कुंपणासारख्या लावल्या तर कडेच्या पट्ट्या वळणामागे जातात. कोड नव्वद अंशांत फिरवून शिडीच्या पायऱ्यांसारखा लावा.

घरीच लेबल छापणाऱ्यांसाठी एक बारकाई. २०३ डीपीआयच्या (दर इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या) स्वस्त थर्मल प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटर. पट्टीची जाडी पूर्ण ठिपक्यांतच येते. दोन ठिपके म्हणजे ०.२५, आणि ८० टक्के आकारात सगळ्यात बारीक पट्टी ०.२६४ ची लागते, हे त्या मर्यादेखाली. तीन ठिपके म्हणजे ०.३७५, मग कोडची रुंदी ४२ मिलिमीटरवर जाते आणि ३८ च्या लेबलात मावत नाही. सॉफ्टवेअर मधला आकडा देऊ लागलं की पट्ट्या असमान होतात. ३०० डीपीआयचा प्रिंटर घेतला तर चार ठिपक्यांत ०.३३९ मिळतं, मूळ आकाराच्या अगदी जवळ. रिबनशिवाय छापणारा थर्मल कागद टाळा. पावसाळ्यातली दमट खोली, गाडीतलं ऊन, काजूचं तेल, यांपुढे तो टिकत नाही. रेझिन रिबनचा खर्च जास्त, पण तेल आणि फेणी दोन्ही सोसते.

खोक्यासाठी वेगळा, चौदा अंकी क्रमांक. चोवीस पाकिटांच्या खोक्याला पुढे १ लावून पाकिटाचे पहिले बारा अंक आणि नव्याने काढलेला तपासणी अंक. वरच्या उदाहरणात १८९०१२३४५६७८९७ येतो. शेवटी पाकिटाचंच शून्य ठेवलं की स्कॅनर नाकारतो, ही चूक रोजची आहे. (एफएसएसएआय क्रमांकही चौदा अंकी असतो, आणि तो इथे चिकटवणारेही आहेत.) खोक्यावर आयटीएफ-१४ (चौदा अंकी क्रमांकाच्या) पट्ट्या, तळापासून ३२ मिलिमीटर वर, उभ्या कडेपासून किमान १९ आत. तपकिरी पुठ्ठ्यावर शाई पसरते, म्हणून कोड मोठा आणि भोवती जाड काळी चौकट. शक्य तर पांढरं लेबल चिकटवा. बॅच आणि मुदत यंत्राला कळायला हवी असेल तर जीएस१-१२८ हा जास्त माहिती मावणारा बारकोड. त्यात कंसातला आकडा पुढे कोणती माहिती आहे ते सांगतो: (०१) नंतर वस्तूचा क्रमांक, (१७) नंतर वर्ष-महिना-दिवस असे सहा अंक, (१०) नंतर बॅच. बॅच शेवटी ठेवा. तिची लांबी बदलती असते, मध्ये आली आणि विभाजक चिन्ह विसरलं की पुढची मुदत बॅचचाच भाग म्हणून वाचली जाते.

इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण, म्हणजे ईडीआय, छोट्या घटकाला सहसा पोर्टलच्या रूपाने भेटते. मागणी, माल निघाल्याची आगाऊ सूचना, बिल, यांचे ठरलेले संदेश असतात: ऑर्डर्स, डेस्अॅड्व्ह, इन्व्हॉइक. मोठा खरेदीदार ते थेट संगणकातून संगणकात पाठवतो, तुम्हाला एक्सेल भरायला देतो. त्यातला वस्तूचा क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळले नाहीत तर गोदामाच्या दारात गाडी उभी राहते. मागणी पाकिटांत आणि सूचना खोक्यांत हा घोळ तर नेहमीचाच, १० लिहिलं आणि वाचणाऱ्याने दहा पाकिटं समजली. गोव्यातल्या वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांत हे सगळं शिस्तीने चालतं, कारण तिथे ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडवर कोड सक्तीचा झाला आणि निर्यातीचे नियम त्याआधीपासून होते. काजूवाल्यावर तशी सक्ती नाही, त्यामुळे डेटाकार्टवर वस्तूचं नाव, वजन, फोटो भरायचा कंटाळा केला जातो. जीएस१ इंडियाचा हा माहितीसाठा नोंदणीसोबत मिळणाऱ्या गोष्टींतला सगळ्यात उपयोगी भाग आहे. तो रिकामा ठेवला तर प्रत्येक दुकानदार तुमच्या मालाला स्वतःच्या मनाने नाव देतो.

२०२७ अखेरपर्यंत दुकानांचे स्कॅनर क्यूआरसारखे चौकोनी कोडही वाचू लागावेत असं जीएस१ चं उद्दिष्ट आहे. त्यात वस्तूच्या क्रमांकाबरोबर बॅच आणि मुदत बसेल. तोवर उभ्या पट्ट्या काढू नका, दोन्ही छापा. आणि पाकिटावर आधीच इन्स्टाग्रामचा क्यूआर असेल तर तो बारकोडपासून लांब, दुसऱ्या बाजूला ठेवा.