मोकळ्या रानात कोणता छर्रा? ४.५ मिमीच्या तीन डब्यांचं परीक्षण

एअर रायफलच्या छर्ऱ्यांच्या डबीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात वेग छापलेला असतो. मराठवाड्यातल्या उघड्या रानात, सोयाबीन निघाल्यावर २५ ते ५० मीटरवर लक्ष्य लावून नेम धरणाऱ्याला त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. इथे झाडांचा आडोसा नाही, वारा बांधावरून थेट येतो. अशा ठिकाणी छर्ऱ्याचा बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे बीसी, किती आहे हे आधी बघावं. हवा कापून छर्रा आपला वेग किती टिकवतो, याचं ते माप आहे. आकडा जितका मोठा तितका वेग कमी गळतो.

तीन डब्या घेऊ. पहिली आरडब्ल्यूएस आर१०, वजन ८.२ ग्रेन (साधारण अर्धा ग्रॅम), तोंड सपाट. दुसरी चेक कंपनी जेएसबीची एक्झॅक्ट, ८.४४ ग्रेन, तोंड गोल घुमटासारखं. तिसरी त्याच कंपनीची एक्झॅक्ट हेवी, १०.३४ ग्रेन, तीही घुमटाचीच. त्यांचे बीसी साधारण ०.०१०, ०.०२१ आणि ०.०३० धरता येतात. नळी आणि वेगाप्रमाणे हे थोडे इकडेतिकडे होतात. तुलनेसाठी सांगायचं तर परदेशात लांब पल्ल्याच्या शिकारीला वापरतात ती हॉर्नडीची .३०८ मधली १७८ ग्रेनची ईएलडी-एक्स गोळी जी१ मापाने, म्हणजे बीसी मोजायच्या नेहमीच्या मापाने, ०.५५२ ची आहे. एअर रायफलचा छर्रा तिच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणूनच तिथे ६०० मीटरवर दिसणारे वाऱ्याचे प्रश्न इथे ५० मीटरवरच उभे राहतात.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी नळी आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. आपण १६ ज्यूलच्या आसपासची पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, धरू. तेवढ्या ताकदीत आर१० सुमारे २४८ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटतो, ८.४४ वाला २४४ ने, आणि हेवी फक्त २२० ने. दुकानात उभं राहून बघितलं तर हेवी मठ्ठ वाटतो. आता ५० मीटरवर बघा. आर१० चा वेग १२५ वर आलेला असतो आणि ताकद चार ज्यूलच्या आसपास उरते. ८.४४ वाला १७६ वर, साडेआठ ज्यूल. हेवी १७५ वर, म्हणजे वेगात त्याच्या बरोबरीला आलेला, आणि ताकद दहा ज्यूलच्या वर. ८.४४ ची सुरुवातीची सेकंदाला २४ मीटरची आघाडी हवेने खाऊन टाकली.

वाऱ्याचं गणित याहून महत्त्वाचं, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. छर्रा जितका जास्त वेळ हवेत तितका वारा त्याला जास्त ढकलणार, असं वाटतं. तसं नाही. वारा किती ढकलतो हे छर्ऱ्याला हवेमुळे किती उशीर झाला यावर ठरतं. हवाच नसती तर लागला असता तो वेळ प्रत्यक्ष वेळेतून वजा करायचा, आणि उरलेल्याला वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. हेवीला ५० मीटर गाठायला ०.२५५ सेकंद लागतात, ८.४४ ला ०.२४२. हेवी उशिरा पोचतो, पण त्यातला हवेमुळे झालेला उशीर ०.०२८ सेकंद, तर ८.४४ चा ०.०३७. पानं सळसळतील आणि गालाला जाणवेल असा ३ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा असेल तर हेवी साडेआठ सेंटीमीटर सरकतो, ८.४४ वाला ११, आणि आर१० तब्बल २६. पंचवीस मीटरवर हेच आकडे अनुक्रमे २, पावणेतीन आणि जवळपास ६ सेंटीमीटर होतात.

खाली पडण्यात हेवी मागे आहे हे खरं. पन्नास मीटरपर्यंत तो नळीच्या रेषेपासून ३० सेंटीमीटर खाली येतो, ८.४४ वाला २६. पण हा फरक रोज तोच असतो. पाव मिनिटाच्या (कोनाच्या मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या पाव) क्लिकची दुर्बीण असेल तर ५० मीटरवर एका क्लिकला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे दहा-अकरा क्लिकमध्ये विषय मिटला. वाऱ्याचा अंदाज मात्र प्रत्येक नेमाला नव्याने बांधावा लागतो. तो सेकंदाला एका मीटरने चुकला तर आर१० जवळपास ९ सेंटीमीटर चुकवतो, हेवी तीनच्या आत. आमच्या मते हेवीसाठी जास्त पैसे मोजायचे ते याच्यासाठी.

मग आर१० वाईट का? अजिबात नाही. तो १० मीटरच्या स्पर्धेसाठी बनवलेला आहे. सपाट तोंडाने कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. बंद हॉलमध्ये घुमटाच्या छर्ऱ्याने तेवढं स्पष्ट भोक पडणार नाही. रानात मात्र १५ मीटरपुढे तो नेऊ नये.

स्प्रिंगवाल्या गनसाठी आमची शिफारस बदलते. जड छर्रा नळीत हलायला वेळ घेतो, तोवर हवा दाबणाऱ्या पिस्टनपुढे दाब चढतो आणि पिस्टन उलटा उसळतो. ताकद वाढायच्या ऐवजी घटते, झटका बिघडतो, सील लवकर झिजतं. बीसी कागदावर कितीही चांगला असो, मध्यम ताकदीच्या स्प्रिंग गनमध्ये ८.४४ वालाच ठेवा. आणि छर्ऱ्यांवर शिलाई मशीनचं तेल सोडायची सवय असेल तर मोडा. दाबाने ते पेटतं, फट्ट आवाज होतो, धूर येतो, आणि वेग प्रत्येक वेळी वेगळा पडतो.

उलट टोकाची फसवणूक म्हणजे हलके मिश्रधातूचे छर्रे. पाच ग्रेनचा छर्रा २० ज्यूलच्या आत राहूनही ३५० मीटर प्रतिसेकंदापर्यंत जातो. आवाजाचा वेग २५ अंशाला ३४६ आहे. त्या हद्दीत कमरेत बारीक असलेला छर्रा डगमगतो आणि हवेचा विरोध एकदम वाढतो. जाहिरातीतला वेग खरा असतो, पण नेमाची वाट लागते.

स्लगचा, म्हणजे कंबर नसलेल्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या छर्ऱ्याचा बीसी या सगळ्यांपेक्षा वर असतो. पण छर्रा मागच्या पोकळ घेरामुळे सरळ राहतो, स्लग फक्त फिरकीवर. छर्ऱ्यासाठी कापलेल्या नळीची फिरकी त्याला बऱ्याचदा कमी पडते. २० ज्यूलच्या आत त्या नादी लागण्यात अर्थ नाही.

बीसी घरी काढता येतो. एक क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, नळीच्या तोंडाशी, दुसरा २५ मीटरवर. पहिल्या वेगाला दुसऱ्याने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, ७३१५ ने गुणा, आणि २५ ला त्या उत्तराने भागा. २४४ आणि २०७ आले तर बीसी ०.०२०८. दोन क्रोनोग्राफमध्ये एका टक्क्याचा जरी फरक असला तरी बीसी सहा टक्क्यांनी चुकतो. म्हणून आधी दोन्ही एकामागे एक लावून त्यांचे आकडे जुळवून घ्या. संभाजीनगरसारख्या साडेपाचशे मीटरहून उंच गावात मेच्या ४२ अंशांतली हवा डिसेंबरच्या पहाटेच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के पातळ असते. तेव्हा मापाबरोबर तारीख आणि तापमान लिहून ठेवलं नाही तर ते आकडे पुढच्या हंगामात कामाचे नाहीत. उन्हाळ्यात दुपारी झळांमुळे लक्ष्यच नाचतं, सकाळी आठच्या आत उरकावं.

डबी निवडताना डोक्याचा व्यासही बघा. एकच छर्रा ४.५०, ४.५१, ४.५२ अशा मापांत मिळतो. नळीत घालताना अंगठ्याला हलका, सारखा विरोध लागला पाहिजे. सैल बसला तर हवा निसटते, फार घट्ट असेल तर डोकं घासून आकार जातो. ब्रँड बदलल्यावर पहिले वीस-तीस छर्रे मोजू नका, नळीत नवीन शिशाचा थर बसेपर्यंत गट, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, पसरतोच. मग वारा पडलेला असताना २५ मीटरवर दहा-दहाचे गट घ्या. चांगल्या बीसीचा छर्रा तुमच्या नळीत मोठा गट देत असेल तर तो आकडा विसरा आणि पुढची डबी बघा.

पाठीमागे काळ्या दगडाचा बांध कधीच नको. बेसाल्टवरून शिसं उलटं येतं. मातीने किंवा वाळूने भरलेली पोती दोन थरांत रचा, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

हे सगळं कागद आणि लोखंडी लक्ष्यांसाठी आहे. तितर, ससा यांच्यावर एअर गन चालवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. पिकात घुसणाऱ्या रानडुकराचा त्रास खरा आहे, पण त्याला वनविभागाकडे अर्ज करावा लागतो. ५० मीटरवर उरलेल्या दहा ज्यूलने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीच्या अंगावर येतं.

तर पीसीपी असेल आणि ३० मीटरपुढे नेम धरायचा असेल तर हेवी, तोही आधी ४.५१ आणि ४.५२ ची एकेक डबी घेऊन. स्प्रिंग गनला ८.४४. कुरिअरने मागवत असाल तर डबी उघडल्याबरोबर पांढऱ्या कागदावर छर्रे ओता आणि मागचा घेर चेपलेले वेगळे काढा. ते फेकायची गरज नाही, ब्रँड बदलल्यावर नळीत शिशाचा थर बसवायला तेच वापरा.