भजनाची पेटी: समुद्रकाठी साधीच टिकते

गणपती जवळ आले की वाडीवाडीतल्या भजनमंडळात नव्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, विषय निघतो. वर्गणी जमते, चारजण दुकानात जातात, आणि दुकानदार पहिल्यांदा पुढे ओढतो ती स्केलचेंजर. पॉलिश आरशासारखं, खुंट्या पितळी, आणि वर "एकाच पेटीत सगळे स्केल". मालवण-वेंगुर्ल्यापासून गुहागर-दापोलीपर्यंत खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या मंडळाने ही पेटी घेऊ नये. दोन लाइनची (प्रत्येक पट्टीला दोन सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या दोन पितळी जिभा), 39 पट्ट्यांची, सागवानी, साधी पेटी घ्यावी. किमतीत स्केलचेंजर सहज दीडपट-दुप्पट जाते, पण पैसा हा त्यातला लहान भाग आहे.

स्केलचेंजरमध्ये पट्ट्यांचा अख्खा सांगाडा सुरांच्या फळीवरून डावी-उजवीकडे सरकतो. प्रत्येक पट्टीखालचा दट्ट्या शेजारच्या झडपेवर नेमका बसायला हवा. तो दोन मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाला तरी झडप अर्धी उघडते किंवा एका पट्टीखाली दोन सूर बोलतात. सुक्या हवेत हे काम वर्षानुवर्षं चालतं. मृगाचा पाऊस लागला की इथे लाकूड फुगतं, सांगाडा खाचेत घट्ट बसतो, आणि नेमक्या भजनाच्या बारीच्या वेळी कोणीतरी जोर लावून तो ओढतं. तिथून पुढे पेटी कधीच पूर्वीसारखी राहत नाही. सांगाडा आणि फळी यांच्यामधली पोकळी बंद करायला जे चामडं आणि फेल्ट लावलेलं असतं ते दर सरकवण्याला घासतं, म्हणजे हवा गळायची आणखी एक वाट तयार.

आता गरज बघा. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, प्रत्येक बुवा आपली पेटी घेऊन येतो आणि रूपावलीपासून गजरापर्यंत एकाच स्वराला गातो. सा काळी 1 या पट्टीवर असो की पांढरी 4 वर, तो मधेच स्वर बदलत नाही. सांगाडा सरकवायची वेळ येते कुठे? दशावतारात राजा एका स्वराला, स्त्रीपार्टी दुसऱ्याला, नारद तिसऱ्याला गातो. तरी तिथला पेटीवाला साध्या पेटीवरच बोटं सरकवून रात्र काढतो. ज्याची बोटं बाराही स्वरांत फिरतात त्याला सांगाडा हलवायची गरज नाही. सुगम संगीताच्या कार्यक्रमात दहा गायकांना साथ करणाऱ्याने स्केलचेंजर जरूर घ्यावी आणि बंद, कोरड्या खोलीत ठेवावी.

39 का, तेही सांगतो. पेटी पांढरी 1 पासून सुरू होते. बुवाने मधल्या सप्तकातल्या पांढरी 4 ला सा धरला, तर तो डावीकडून 18 वी पट्टी, तार सा 30 वी आणि तार पंचम 37 वी. वर शुद्ध धैवत 39 वी. म्हणजे उंच गाणाऱ्या बुवालाही पुरून उरतं. महिला मंडळाने मात्र 42 ची घ्यावी: मधल्या काळी 4 ला सा धरला तर तार पंचम 40 व्या पट्टीवर जातो, आणि 39 च्या पेटीत तो नाहीच. गौळणीत आवाज वर गेला की हात हवेत राहतो.

लाइनबद्दल मतं फार जोरात मांडली जातात. खर्ज (जाड, खालच्या सप्तकाचा) आणि नर (मधला) अशा दोन लाइन भजनाला पुरतात. खर्ज-नर-मादी (बारीक सूर) अशा तिसऱ्या लाइनने आवाज टोकदार होतो, पण प्रत्येक पट्टीला तीन सूर बोलवायला हवाही तेवढी जास्त लागते, भाता सारखा मारावा लागतो आणि बुवाचा डावा हात गजर रंगात येईपर्यंत भरून येतो. शिवाय तिन्ही सूर एकमेकांशी जुळलेले ठेवणं हे दुप्पट काम. लोक मोबाइलवर डबलबारीची रेकॉर्डिंग ऐकतात आणि "तसाच आवाज पाहिजे" म्हणून तीन लाइन मागतात. त्या आवाजात पेटीच्या पुढ्यात ठेवलेला माइक असतो, साउंडवाल्याने सोडलेला इको असतो, वाढवलेला ट्रेबल असतो. पडवीत, माइकशिवाय, गणपतीवरच्या माटवीखाली (सजवलेल्या लाकडी चौकटीखाली) बसलात की तो आवाज तिसऱ्या लाइननेही येणार नाही. चांगल्या दोन लाइनचा भरीव खर्ज तिथे जास्त शोभतो.

सूटकेस पेटी घरोघर फिरायला सोपी, पावसात झाकण लावलं की निश्चिंती. पण पेटी खोक्यातून वर उचलणाऱ्या कड्या लवकर सैल होतात आणि वाजवताना पेटी हलते. दुचाकीवरूनच सगळा प्रवास असेल तर घ्या, नाहीतर नको.

दुकानात तपासायला अर्धा तास तरी द्या, आणि दुकानातला पंखा बंद करायला सांगा, नाहीतर बारीक गळती ऐकूच येत नाही. आधी सगळ्या खुंट्या (लाइनची हवा उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या) आत ढकलून भाता पूर्ण भरा. कुठलीही पट्टी न दाबता आतला भाता हळूहळू बसला पाहिजे. भरल्याबरोबर सुस्कारा टाकून बसला तर ती पेटी तिथेच सोडा. मग एकच खुंटी उघडून भाता मारा. न दाबलेला सूर गुणगुणायला लागला, तर त्याची झडप नीट बसत नाही.

त्यानंतर मोबाइलवर ट्यूनर लावा, पांढरी 6 ला 440 धरून. खर्ज एकटा, मग नर एकटा, असं प्रत्येक पट्टीवर जा. 5 सेंटपर्यंतचा फरक चालतो (शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट असतात). दोन्ही एकत्र उघडले की आवाज सरळ राहायला हवा. "वाँव-वाँव" अशी लाट आली तर नर खर्जाच्या नेमक्या दुपटीवर नाही: सेकंदाला दोन लाटा म्हणजे त्या दुपटीपासून 2 हर्ट्झचा फरक. भजनात ही लाट कानाला सहन होते असं काहीजण म्हणतात. बुवा लांब तान घेऊन सा वर येतो तेव्हा त्याला टेकायला एकच सा लागतो, दोन नाही. या बाबतीत तडजोड करू नका.

खर्जातल्या खालच्या पाच-सहा पट्ट्या पटापट, अगदी हलक्या हवेत वाजवून बघा. जाड सूर उशिरा बोलतो. तो फारच मागे राहत असेल तर गजराच्या चढत्या लयीत त्याचा काही उपयोग नाही. शेवटी पेटी उलटी करून तळ बघा. सागवानाच्या नावाखाली वर सागाचा पापुद्रा आणि आत प्लायवूड असतं. तळाच्या आणि भात्याच्या कडेला त्याचे थर दिसतात. पहिल्याच पावसाळ्यात ते फुगतात.

नवीन पेटीचे सूर पहिल्या वर्षात थोडे हलतातच. त्यामुळे वर्षभराने एकदा कारागिराकडून लावून घेण्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा. सुराच्या पितळी जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, हे कळायला सोपं आहे. म्हणून घरी ब्लेड घेऊन बसणारे बरेच असतात. जीभ एकदा पातळ झाली की परत जाड होत नाही. हे काम हात बसलेल्या माणसाचंच.

घरी करता येण्याजोगी दुरुस्ती वेगळी. सूर अचानक मुका झाला तर बहुतेक वेळा जिभेखाली कचरा अडकलेला असतो. झाकण काढा, कोरा पातळ कागद दोन बोटं रुंद फाडा, जीभ नखाने केसभर उचला, कागद खालून सरकवून अलगद ओढा. तोंडाने फुंकू नका. थुंकीतल्या ओलीने पितळेवर हिरवट डाग धरतो. तेलाचा थेंबही घालू नका, त्यावर धूळ बसून दोन दिवसांत सूर बेसूर होतो.

पावसात पट्टी अडकली तर सगळ्यांचा हात सँडपेपरकडे जातो. इथेच मोठी चूक होते. पट्टी बाहेर काढून बाजू उजेडात धरा. जिथे घासून चकाकी आलेली असेल तेवढ्याच जागेवर शून्य नंबरचा कागद तीन-चार वेळा फिरवा आणि थांबा. श्रावणात सैल वाटेपर्यंत घासलेली पट्टी मे महिन्यात लाकूड सुकल्यावर खडखडते, डुलते, आणि तिला उपाय नाही. आतल्या पोलादी स्प्रिंगा गंजल्या असतील तर घासत बसू नका, बदलून घ्या. गंजलेली स्प्रिंग पट्टी पूर्ण वर आणत नाही आणि झडप किंचित उघडी ठेवते, मग ऐकणाऱ्याला वाटतं सूरच बिघडला.

पेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणारी मंडळं तिला आतून भिजवतात. आधी सुती कापड, मग लाकडी खोका, खोक्यात 200 ग्रॅम निळे सिलिका जेल. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत परतून घ्या, थंड करून परत ठेवा. खोका जमिनीला किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. झुरळं फेल्ट कुरतडतात, त्यामुळे खोक्याला भोक असेल तर बारीक जाळी मारा. आणि पावसाळ्यात मंडळाची बैठक नसली तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं वाजवा. भात्याच्या घड्या हलत्या राहिल्या की चामड्याला बुरशी धरत नाही.

भाद्रपदात अजून एक गोष्ट घडते. ओल्या हवेने पखवाजाची पुडी (तोंडावरचं चामडं) सैल पडते आणि तो उतरतो. पेटी जवळपास आहे तिथेच राहते. मग पखवाजवाला म्हणतो पेटी चढली. पेटीला हात लावू नका. पखवाज सुकवा, वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो पेटीच्या सा ला आणा, डाव्या पुडीवरची कणीक थोडी घट्ट लावा, आणि पहिल्या अभंगानंतर दोन्हीचा सा पुन्हा एकदा मिळवून घ्या.