चावरा कुत्रा: स्वतः सुधारायचा, ट्रेनर घरी बोलवायचा की बोर्डिंगला पाठवायचा?

कुत्रा पाहुण्यावर धावून गेला, मुलाच्या हाताला दात लागले, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली, की घरात चर्चा सुरू होते. नाशिकमध्ये अशा वेळी तीन वाटा सुचवल्या जातात. स्वतः घरी मेहनत घ्या, घरी येणारा ट्रेनर लावा, नाहीतर शहराबाहेरच्या एखाद्या फार्मवर महिना-दीड महिना बोर्डिंग ट्रेनिंगला पाठवा. पशुवैद्य सगळ्यात शेवटी आठवतो. खरे तर पहिला फोन त्यालाच करायला हवा.

पैसे देण्याआधी डॉक्टर

आजवर शांत असलेला मोठा कुत्रा अचानक चावायला लागला, तर आधी दुखणे शोधा. कानात संसर्ग असलेला कॉकर स्पॅनिअल डोक्याला हात लावू देत नाही. खुब्याचे सांधे झिजलेला लॅब्राडोर कमरेला स्पर्श झाला की वळून तोंड घालतो. हललेला दात, पाठीच्या मणक्याचे दुखणे, थायरॉइड कमी होणे, म्हातारपणी दृष्टी आणि कान मंद होणे, या सगळ्यांतून चिडचिड वाढते. पावसाळ्यात आणि त्यानंतर, विशेषतः मळ्यात किंवा गोठ्याजवळ राहणाऱ्या कुत्र्यांत, गोचीड तापाचा संशय धरावाच. कान, तोंड आणि सांधे तपासून घ्या; प्लेटलेटसह रक्ततपासणी, गोचीड तापाची चाचणी आणि थायरॉइड एवढे करून घ्या. घरातल्या प्रसंगाचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत न्या, कारण दवाखान्यात कुत्रा भीतीने वेगळाच वागतो. मात्र व्हिडिओसाठी त्याला मुद्दाम चिडवू नका. दुखण्यातून येणारा चावा कोणताही ट्रेनर थांबवू शकत नाही.

चावा किती खोल, यावरून वाट ठरते

प्राणीवर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी इथे फार उपयोगी पडते. पहिल्या पायरीत कुत्रा हवेत तोंड मारतो, दात लागत नाहीत. दुसऱ्यात दात लागतात, पण कातडीत घुसत नाहीत. तिसऱ्यात एका चाव्यात एक ते चार भोके पडतात, सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथ्यात निदान एक भोक त्याहून खोल असते. कुत्र्याने धरून ठेवलेले किंवा झटकलेले असते. पाचवी म्हणजे अनेक खोल चावे, सहावी म्हणजे मृत्यू.

पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आणि कारण स्पष्ट असेल, तर घरचे लोक बरेच काही करू शकतात. तिसऱ्या पायरीला माहीतगार माणूस हवा. चौथीपासून पुढे डॉक्टर आणि ट्रेनर दोघेही एकत्र लागतात, आणि घरात लहान मूल असेल तर कुत्रा त्या घरात राहावा का हाही प्रश्न आजच विचारावा लागतो.

बोर्डिंग का भुरळ घालते आणि कुठे फसते

बोर्डिंगचा मोठा फायदा म्हणजे घराला मिळणारा श्वास. लग्नघर आहे, घरात कोणाचे ऑपरेशन आहे, बाळंतीण येणार आहे, अशा वेळी चावरा कुत्रा काही आठवडे सुरक्षित जागी असणे ही खरी गरज असते. बसणे, थांबणे, पट्ट्यावर ओढ न घेता चालणे हेही तिथे चांगले शिकवता येते.

पण आक्रमकता जागेला आणि माणसांना चिकटलेली असते. तुमचा कुत्रा तुमच्या फाटकावर, तुमच्या लिफ्टच्या दारात, तुमच्या डिलिव्हरीवाल्यावर भुंकतो. फार्मवर यातले काहीच नसते. नव्या जागी तो दबून राहतो, त्या दबण्यालाच सुधारणा समजले जाते आणि तसाच व्हिडिओ तुम्हाला येतो. घरी आल्यावर काही दिवस बरे जातात, मग फाटक तेच, बेल तीच, आणि कुत्राही पूर्वीसारखाच.

त्याहून मोठा धोका डोळ्यांआड घडतो. तिथे कसे हाताळतात हे तुम्हाला दिसत नाही. गुरगुरला की फटका, असे महिनाभर झाले तर कुत्रा गुरगुरणे सोडतो. भीती तशीच राहते, सूचना मात्र बंद होते. जांभई देणे, नाक चाटणे, मान वळवणे, अंग ताठ करणे, गुरगुरणे या चाव्याच्या आधीच्या पायऱ्या आहेत. त्या दाबल्या की उरतो थेट चावा, आणि तोही कोणाला कल्पना नसताना. कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नका, मागे सरका आणि कारण लक्षात ठेवा.

तरीही बोर्डिंगच निवडायचे असेल तर चार अटी घाला: न सांगता भेट देता येईल, रोजचा काटछाट न केलेला व्हिडिओ मिळेल, कोणती साधने वापरणार ते लेखी मिळेल, आणि कुत्रा परत आल्यावर निदान तीन-चार सत्रे तुमच्याच घरी होतील. शेवटच्या अटीला नकार मिळाला तर तिथे कुत्रा ठेवू नका.

घरी येणारा ट्रेनर: आमचा कौल इकडे

बहुतेक घरांसाठी हाच पर्याय सरस आहे. कारण साधे आहे: कुत्र्यासोबत पुढची दहा वर्षे तुम्ही राहणार आहात, म्हणून हात तुमचे तयार व्हायला हवेत. चांगल्या ट्रेनरची पहिली भेट तास-दीड तासाची असते आणि त्यात तो कुत्र्याला बहुधा हातही लावत नाही. किती वेळा चावला, कुठे, कोणाला, आधी काय घडले, कुत्रा झोपतो कुठे, दिवसभर बांधलेला असतो का, हे विचारतो. फाटक, जिना, गच्ची बघतो. आल्या आल्या कुत्र्याला दामटून ‘बघा कसा गप्प झाला’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलवू नका.

कामाचा गाभा असा. समजा, इंदिरानगरमधल्या बंगल्यातला कुत्रा अनोळखी माणसावर धावतो. ओळखीच्या एकाला, जो कुत्र्याला अनोळखी आहे, रस्त्यावर 20-25 मीटरवर उभे करा. कुत्रा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि सहा फुटी पट्ट्यावर, फाटकाच्या आत. माणूस दिसला की लगेच उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे एकामागून एक द्या. माणूस आडोशाला गेला की चिकन बंद. असे दहा-बारा वेळा, पाच ते दहा मिनिटांत, मग थांबा. माणूस दिसताच कुत्रा भुंकण्याऐवजी तुमच्याकडे वळून बघू लागला, दहांपैकी आठ वेळा, तर पुढच्या सत्रात अंतर एक-दोन मीटरने कमी करा. भुंकला तर इतके जवळचे अंतर त्याला झेपले नाही असे समजा. लगेच मागे जा आणि तिथून पुन्हा सुरू करा.

बिघडते ते बहुतेक तीन जागी. क्रम उलटा होतो: आधी खिशात हात, मग माणूस दिसतो. मग चिकनच धोक्याची घंटा बनते. दुसरे, रोजचे कोरडे दाणे वापरले जातात. भीतीच्या क्षणी कुत्रा ते तोंडातही घेत नाही. मांस न आणणाऱ्या घरात पनीर चालते. तिसरे सगळ्यात महत्त्वाचे: सत्रात दहा मिनिटे काम आणि उरलेला दिवस फाटकाच्या गजांतून प्रत्येकावर भुंकायची मोकळीक. रोजचा हा सराव मोडल्याशिवाय सत्रांचा उपयोग नाही. फाटकाला पत्रा किंवा शेडनेट लावून दृश्य बंद करा, कुरिअर वॉचमनकडे ठेवायला सांगा.

फिरवायची वेळही बदला. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आणि गोल्फ क्लब मैदान सकाळी माणसांनी भरलेले असतात. अशा कुत्र्याला तिथे नेणे म्हणजे त्याच्याकडून चूक होणार हे ठरलेलेच. रुंद, मोकळा, भटकी कुत्री नसलेला रस्ता शोधा, जिथे समोरून कोणी आले तर बाजूला व्हायला जागा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी नाशिकचा डांबरी रस्ता पायांचे तळवे भाजतो, म्हणून पहाट किंवा रात्रच बरी. दिवाळीच्या आठवड्यात मात्र नवीन काही शिकवू नका. फटाक्यांनी घाबरलेला कुत्रा एरवी सोसतो ते अंतरही सोसत नाही.

स्वतः करण्यासारखे काय

खाण्याच्या भांड्याजवळ गुरगुरणे. खाताना भांडे काढून घेऊन ‘मालक कोण’ हे दाखवायची पद्धत अजून घराघरांत आहे आणि तिनेच हे दुखणे वाढते. उलटे करा. कुत्रा खात असताना त्याला जराही ताठ न करणाऱ्या अंतरावरून जा, अन्नापेक्षा चांगला तुकडा भांड्याच्या दिशेने टाका आणि निघून जा. दर जेवणाला पाच-सहा वेळा. तुमची चाहूल लागताच तो शेपूट सैल ठेवून वर बघू लागला की एक पाऊल जवळ. हे काम मोठ्यांनीच करायचे. लहान मुले घरात असतील तर कुत्र्याचे जेवण बंद दाराआड.

दिवसभर साखळीला बांधलेला मळ्यातला कुत्राही याच गटात येतो. त्याला पळता येत नाही, म्हणून जवळ येणाऱ्यावर झेप घेण्यावाचून त्याच्याकडे काही उरत नाही. साखळीऐवजी कुंपण घातलेली जागा, सकाळ-संध्याकाळ फिरणे आणि माणसांत बसायची संधी, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

साधने: चोक चेन की मझल

चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), काटेरी पट्टा आणि शॉक पट्टा यांच्यामागे ‘कुत्र्यावर वर्चस्व हवे’ ही समजूत आहे. ती आली पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून. रुडॉल्फ शेंकेल यांचे निरीक्षण 1947 चे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच 1999 मध्ये स्पष्ट केले की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2009 च्या पाहणीत, मार खाल्लेल्या कुत्र्यांपैकी 43 टक्के आणि उताणे पाडून दाबलेल्यांपैकी 31 टक्के कुत्र्यांनी उलट आक्रमकता दाखवली. शिवाय दुसरा कुत्रा दिसताच गळ्याला झटका बसला, तर कुत्र्याच्या डोक्यात जोडणी होते ती ‘कुत्रा म्हणजे दुखणे’ अशी.

मझलची, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाला बांधायच्या मुसक्याची, मात्र लाज वाटू देऊ नका. जाळीदार टोपलीसारखा घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. नाकापुढे बोटभर जागा हवी. कापडी नळीसारखा मझल तोंड मिटवून ठेवतो. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, त्यामुळे नाशिकच्या उन्हाळ्यात फिरायला नेताना तो घातक ठरतो. दवाखान्यातल्या दोन-तीन मिनिटांच्या कामापुरताच तो वापरा. सवय लावायला एक-दोन आठवडे द्या: आधी टोपलीच्या तळाला दही किंवा पनीर लावून कुत्र्याने स्वतः तोंड घालावे, मग क्षणभर पट्टा मागे धरावा, मग बंद करून पाच सेकंद, तीस सेकंद, मग घरातल्या घरात फिरवणे. पहिल्याच दिवशी जबरदस्तीने बांधला तर पुढे मझल दिसताच कुत्रा पलंगाखाली जाईल.

औषध आणि नसबंदी

भीती इतकी असेल की लांबूनही चिकन तोंडात घेत नाही, तर डॉक्टरांशी औषधाचे बोला. फ्लुओक्सेटिनसारख्या, भीती आणि चिंता कमी करणाऱ्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठवडाभरात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका. माणसांच्या झोपेच्या गोळ्या घरच्या घरी तर कधीच देऊ नका. काही गोळ्यांनी कुत्र्याचा उरलासुरला आवर सुटतो. औषध शिकवणीची जागा घेत नाही, शिकता येईल इतके डोके शांत करते. नसबंदीने नर-नर भांडणे आणि भटकणे कमी होऊ शकते. भीतीतून येणारा चावा त्याने जाईल असे धरून चालू नका.

चावलाच तर

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरकडे जा, घरच्या कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी. स्नायूत घ्यायची रेबीजची लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असते. रक्त आले असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन) लागते. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवा. कायद्याची बाजूही लक्षात असू द्या: प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

राहिला तो कुत्रा, ज्याने खोल चावा घेतला आहे, कारण कळत नाही आणि घरात लहान मूल आहे. इथे कोणत्याही ट्रेनरने खात्री दिली तर विश्वास ठेवू नका. मूल आणि कुत्रा यांच्यामध्ये कायम दोन अडथळे ठेवा, म्हणजे बंद दार आणि मझल, किंवा दार आणि पट्टा. एक चुकला तरी दुसरा असेल. हे रोज, वर्षानुवर्षे जमणार नसेल तर लहान मुले नसलेले, माहीतगार घर शोधा आणि त्यांना प्रत्येक चावा तारखेसह सांगा. काहीही न सांगता कोणाच्या मळ्यावर देणे म्हणजे पुढचा चावा दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला देणे. पांडवलेणी किंवा तपोवनाकडे नेऊन सोडणे ही क्रूरता आहे, आणि तिथून ये-जा करणाऱ्यांचा धोका त्याने वाढतोच. असे घरही मिळाले नाही, तर वेदना न देता मरण देण्याचा विषय पशुवैद्यासमोर काढावा लागतो. तो काढणाऱ्या घराला कोणी निर्दय म्हणू नये; त्या दिवशी घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र दवाखान्यात जावे आणि निर्णय एकट्यावर टाकू नये.