कॅमेरे बसवले आणि घरचं नेट बसलं

साताऱ्यात शाहूपुरीला आई-आबा दोघंच असतात, मी पुण्यात. आमच्या गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या तेव्हा आबांनीच विषय काढला. ओळखीतून एक माणूस आला. गोड बोलणारा, "काका, काका" करत चहा पिऊन गेला. सहा कॅमेरे, सगळे वायरवर, कॅट-६ केबल (नेटवर्कची वायर), रेकॉर्डर, २ टीबीची हार्ड डिस्क, मिळून ४८,५०० रुपये. पक्कं बिल हवं तर वर १८ टक्के जीएसटी. आबा म्हणाले, कशाला, घरचाच माणूस आहे. मीही गप्प बसलो, ही माझी पहिली चूक.

मी पुण्याला परतल्यावर त्याने काम केलं. दोनच कॅमेरे वायरवर, उरलेले चार वायफायचे. आईला सांगितलं, "वायर ओढली की भिंती खराब होतात काकू, हे लेटेस्ट आहे." पैसे मात्र सहा वायरींचेच.

आठ दिवसांत आईचा फोन. आबांची मॅच सारखी अडकते, पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं. त्या माणसाला विचारलं, तर उत्तर तयार होतं: "काका, आता सहा कॅमेरे झाले, १०० एमबीपीएसमध्ये कसं भागणार? ३०० चा प्लॅन घ्या." कनेक्शन अर्थातच त्याच्या मेव्हण्याकडून. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले, नेट तसंच. मग म्हणाला, राउटर बदला, ७,००० चा आहे. तेव्हा कुठे मी गाडी काढून साताऱ्याला गेलो.

राउटरला लॅपटॉप केबलने जोडला: स्पीड २८५ एमबीपीएस. केबल काढून हॉलमध्ये वायफायवर घेतला: ९. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठणठणीत होतं. मग चारही वायफाय कॅमेऱ्यांचे अडॅप्टर काढले आणि त्याच खुर्चीत बसून परत मोजलं: ४६. शेवटी राउटरची बाहेरून येणारी फायबरच काढून ठेवली, तरी रेकॉर्डिंग चालूच. घरातल्या रेकॉर्डरवर साठवायला इंटरनेट लागतच नाही! बाहेरून मोबाइलवर बघतो तेवढ्यापुरतंच ते वापरलं जातं. मोठ्या प्लॅनचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

चार मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) ठेवला तरी साधारण ४ एमबीपीएस घेतो, तोही चोवीस तास. असे चार, सगळे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यावर, आणि आबांचा टीव्हीही त्यावरच. त्यात फाटकावरचा कॅमेरा दोन भिंतींपलीकडे, त्याला रेंज कमी. एसटीच्या तिकीट खिडकीवर एखादा सुट्ट्या पैशांचा घोळ घालत बसला की मागची अख्खी रांग तिष्ठते, तसं वायफायचं असतं. हळू बोलणारा एक कॅमेरा सगळ्यांचा वेळ खातो.

वायरवरच्या दोन कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं. दिवसभर चित्र स्वच्छ, अंधार पडला की कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू. केबलचं एक टोक कापून तार ब्लेडने खरवडली. वर तांबूस, आत पांढरीफटक. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, दुकानदार तिला 'सीसीए' म्हणतात. स्वस्त असते, पण हिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. कॅमेऱ्याला वीज याच केबलमधून जाते. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की ओढ वाढते आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं. चोर दिवसा येणार असतील तर हरकत नव्हती.

दुसऱ्या माणसाकडून सगळं नव्याने करून घेतलं. अस्सल तांब्याची केबल, सहाही कॅमेरे एका पीओई स्विचवर (एकाच वायरीतून वीज आणि चित्र दोन्ही नेणारा डबा), रेकॉर्डरही त्याच स्विचवर, आणि तिथून राउटरकडे एकच वायर. कॅमेऱ्यांची सगळी वाहतूक स्विचमध्येच राहते, आबांच्या मॅचच्या वाटेला जात नाही. मोबाइलवर बघायला कमी दर्जाचा सबस्ट्रीम लावलाय. १९,००० आणखी गेले.

हे करताना कळलं की रेकॉर्डरच्या अॅपचा मालक तो पहिला माणूस आहे. क्यूआर कोड त्याने स्वतःच्या मोबाइलने स्कॅन केला आणि आम्हाला फक्त 'शेअर' दिलं. म्हणजे आई हॉलमध्ये बसून भाजी निवडते ते तो हवं तेव्हा बघू शकत होता. खातं सोडायला त्याने १,५०० मागितले. द्यावे लागले. तोवर आईने हॉलमधल्या कॅमेऱ्यावर आबांची कानटोपी चढवून ठेवली होती. तो कॅमेरा आता अंगणात हलवलाय.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसलो, तर आधी कागद शोधायची वेळ आली. बिल नाही. यूपीआयचे दोन स्क्रीनशॉट आहेत आणि त्याच्या हस्ताक्षरातलं कोटेशन. त्यावर 'कॅट-६ केबल' लिहिलंय. 'तांबं' हा शब्द कुठेच नाही.