थरथर शाफ्टची, बिल ट्रान्स्फर केसचं

पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध ॲक्सल), चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), लिव्हरने टाकायचा ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा). अशा एका जुन्या ट्रकला ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान थरथर येत होती. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायची, सोडला की बरीचशी विरायची. मालकाने गॅरेजमध्ये एवढंच सांगितलं, "गाडी व्हायब्रेट होते, बघून घ्या." त्यानंतर आधी अलाइनमेंट, मग बॅलन्सिंग, मग नवा स्टीअरिंग डॅम्पर आणि शेवटी ट्रान्स्फर केसचं पूर्ण ओव्हरहॉल, असे चार खर्च गळ्यात मारले गेले. थरथर गेली नाही, उलट वाढली. ट्रान्स्फर केसकडून ॲक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आणि ती ताकद चाकांना वाटणारा ॲक्सलमधला गिअर म्हणजे डिफरन्शियल. मूळ दोष मागच्या शाफ्टच्या डिफरन्शियलकडच्या क्रॉसमध्ये, म्हणजे चार दांड्यांवर चार कप असलेल्या वाकत्या सांध्यात होता. चारपैकी एका कपात ग्रीस पोचत नव्हतं.

यातला प्रत्येक खर्च टाळता आला असता.

सुरुवात अलाइनमेंटपासून. बिलावर कँबर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) तिन्ही 'सेट केले' असं लिहिलं होतं. सलग ॲक्सलवर कँबर ॲक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. पाट्यांच्या गाडीत कॅस्टर बदलायचा तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालावी लागते. नेहमीच्या कामात टाय रॉड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा स्टीअरिंगचा दांडा) फिरवून बसवता येतो तो फक्त टो. म्हणजे तीनपैकी दोन कामं झालेलीच नव्हती. शिवाय टो बिघडला तर टायर घासले जातात, गाडी सरळ धरत नाही. बोजा बदलला की कमी-जास्त होणारी थरथर त्याने येत नाही. या गाड्यांमध्ये बघायची गोष्ट वेगळीच असते: दोन्ही बाजूंनी पुढच्या ते मागच्या ॲक्सलचं अंतर टेपने मोजायचं. फरक दिसला तर यू बोल्ट ढिले आहेत का, पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय का, ते तपासायचं.

बॅलन्सिंगची गरज होती का, हे थरथरीच्या वेगावरून कळलं असतं. टायरचा परिघ सव्वादोन मीटर धरला तर ताशी ८० ला चाक सेकंदाला साधारण १० फेऱ्या मारतं. डिफरन्शियलचं प्रमाण ४.१ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१) असेल तर शाफ्ट त्याच वेळी ४० फेऱ्या मारतो, आणि क्रॉसचा धक्का प्रत्येक फेरीत दोनदा बसतो, म्हणजे सेकंदाला ८०. चाकाचे हादरे हातात, सीटमध्ये सुटे सुटे जाणवतात. शाफ्टची थरथर फ्लोअरमध्ये मुंग्या आल्यासारखी येते, कानाला घुमल्यासारखी लागते. शंका असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून बघा. हादरे स्टीअरिंगमधून सीटमध्ये गेले तर दोष चाकाचाच.

स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टीअरिंगचे धक्के शोषणारा शॉकॲब्सॉर्बर, तर कुठलाच दोष दुरुस्त करत नाही. किंगपिनची (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) बेअरिंग सैल असो किंवा टाय रॉडचे जॉइंट, तो हादरे काही दिवस दाबून धरतो आणि मागे झीज चालूच राहते.

सगळ्यात मोठी फसवणूक लिफ्टवर झाली, आणि ती भल्याभल्यांना पटते. गाडी चासीला धरून उचलली, ॲक्सल खाली लोंबकळले, गिअर टाकून चाकं फिरवली. सगळा ट्रान्स्फर केस हलताना दिसला. "बघा, आतून गेलाय." खरं कारण असं की ॲक्सल खाली लोंबला की क्रॉसचा कोन कितीतरी वाढतो, आणि त्या कोनात चांगला शाफ्टसुद्धा थरथरतो. ही तपासणी करायचीच तर ॲक्सलखाली स्टँड देऊन, पाट्यांवर गाडीचं वजन ठेवून करायची. त्यानंतर ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवरचा राखाडी लेप दाखवला गेला. बारीक, पिठासारखा लेप वर्षानुवर्षं चाललेल्या गिअरमध्ये येतोच. घाबरायचं ते नखाला टोचणाऱ्या कपच्या, दातांचे तुकडे दिसले तर. पिनियनचा फ्लँज (डिफरन्शियलच्या तोंडाशी शाफ्ट जोडतो ती चकती) हाताने थोडा गोल फिरतो, तेही दोष म्हणून दाखवतात. जुन्या गाडीत तेवढा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, असतो. फ्लँज वर-खाली किंवा आत-बाहेर हलला तर मात्र बेअरिंग गेलं समजा.

ओव्हरहॉलनंतर थरथर वाढली ती शाफ्ट परत जोडताना. स्प्लाइनवर (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत बसतात त्या दात्यांवर) खूण न करता दोन्ही भाग सुटे केले आणि बसवताना काही दाते चुकले. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारी दुशाखी टोकं) एका रेषेत लागतात, म्हणजे एका क्रॉसमुळे वेगात होणारी चढ-उतार दुसरा क्रॉस भरून काढतो. रेषा चुकली की दोघांचे धक्के मिळून वाढतात. काही गाड्यांच्या शाफ्टमध्ये कंपनीनेच योक तिरपे बसवलेले असतात, म्हणून अंदाज बांधायचा नाही. काढण्यापूर्वी स्प्लाइनच्या दोन्ही बाजूंना, फ्लँजवरसुद्धा, रंगाची रेघ ओढायची आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

गॅरेजला जाण्याआधी एवढं स्वतः करता येतं. थरथर येते त्या स्पीडला एकदा वरच्या, एकदा खालच्या गिअरमध्ये चालवा. इंजिनचे आरपीएम बदलले तरी थरथर त्याच स्पीडला राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे, शाफ्टपासून चाकांपर्यंत कुठेतरी आहे. नुसतं न्यूट्रल करून ठरवू नका. बोजा गेला की क्रॉसची थरथर कमी होते आणि विनाकारण इंजिनवर किंवा क्लचवर संशय जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये तर ही चाचणी अजिबात नको. वळणावर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि निष्कर्ष चुकतो.

पार्ट-टाइम गाडीत (फोर व्हील गरजेपुरतंच टाकायचं असतं त्या) पुढचा शाफ्ट काढून टू व्हीलमध्ये चालवून बघता येतं. थरथर गेली तर तो शाफ्ट दोषी. कायम फोर व्हील असलेल्या गाडीत सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताकद वाटणारा) लॉक केल्याशिवाय एका शाफ्टवर गाडी हलवू नका. मागचा शाफ्ट काढायचा असेल तर चाकांना ठोकळे आधी लावा, कारण ज्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या आउटपुटवर असतो त्यात शाफ्ट सुटला की हँडब्रेक धरत नाही. हा मुद्दा जिवावर बेतणारा आहे.

कोन मोजायला मॅग्नेटवाला अँगल गेज पुरतो. सपाट जागा, गाडी चाकांवर, नेहमीचं वजन. ट्रान्स्फर केसचा आउटपुट फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज यांचे कोन एकमेकांना समांतर हवेत, फरक १ अंशाच्या आत. प्रत्येक क्रॉसचा स्वतःचा कोन ३ अंशांपर्यंत असेल तर हायवेच्या स्पीडला त्रास नाही. शून्यही नको, अर्धा-एक अंश असला म्हणजे कपातले निडल (सुईसारखे बारीक रोलर) फिरत राहतात. कोन बिघडण्यामागे बहुधा बसलेले पाटे, उंचीसाठी लावलेली लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा) किंवा खचलेलं गिअरबॉक्स माउंटिंग असतं. डबल क्रॉसच्या (एका टोकाला जोडीने दोन क्रॉस असलेल्या) शाफ्टचा हिशेब निराळा: त्यात पिनियनचं तोंड जवळपास थेट शाफ्टकडेच असावं लागतं.

मग गाडीखाली जा. कपाच्या कडेला विटकरी भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून निडल गंजले आहेत. ग्रीस गनने निपलमधून ग्रीस भरताना ते चारही कपांच्या सीलमधून बाहेर आलं पाहिजे. तीनमधूनच आलं तर चौथा कोरडा आहे, मग बाकी तीन कितीही चांगले असोत, तो क्रॉस बदलायचा. शाफ्टवर चकचकीत चौकोनी डाग दिसला तर तिथलं बॅलन्सचं वजन पडलंय.

गॅरेजमध्ये जॉब कार्डवर 'व्हायब्रेशन' एवढंच लिहू देऊ नका. किती स्पीडला, कुठल्या गिअरमध्ये, दाबल्यावर की सोडल्यावर, हे लिहून घ्या. काढलेला क्रॉस परत मागा आणि हातात घेऊन कप उघडून बघा. क्रॉसच्या दांडीवर निडलचे खळगे दिसतात का, बोटाला लागतात का, ते तपासा. खळगे नसतील, दांडी गुळगुळीत असेल, तर तो क्रॉस तुमच्या गाडीचा नाही किंवा बदलायची गरज नव्हती. पैसे देण्याआधी तिथेच विचारा.