वेणीची जाड टोपी: खरी लोकर घ्यावी की अ‍ॅक्रिलिक?

शेजारची मुलगी परवा संध्याकाळी मोबाइलवर एक फोटो घेऊन आली. राखाडी, जाडजूड टोपी, सगळीकडून वेण्या, वर गोंडा. "काकू, अशा दोन विणायच्यात. एक दादाला, एक आजीला. लोकर कुठली आणू?" दादा फौजेत, सध्या लेहला. आजी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे असे दादा आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

पहिला घोटाळा शब्दाचाच आहे. आपण दुकानात "लोकर द्या" म्हणतो आणि दुकानदार बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक देतो. तो फसवत नाही, आपल्याकडे विणायच्या प्रत्येक धाग्याला लोकरच म्हणायची सवय आहे. लेबलवर काय लिहिलंय ते वाचावं. लेबल नसेल तर बोटभर धागा तोडून चिमट्यात धरावा आणि काडेपेटीच्या ज्योतीला लावावा, खाली ताटली ठेवून. खरी लोकर चुरचुरते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की आपली आपण विझते. मागे राहिलेली काळी राख बोटांनी चुरली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळतं. टोकाला काळा थेंब जमतो आणि गार झाला की त्याचा टणक मणी होतो, नखानं दाबला तरी फुटत नाही. मी त्या मुलीला दोन्ही जाळून दाखवलं. तो मणी ती बराच वेळ बोटात फिरवत बसली होती.

दादाच्या टोपीबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर, जानेवारीत रात्रीचा पारा उणे १० च्याही खाली जातो. मेंढीचा केस नागमोडी असतो, त्याच्या वळणांत हवा अडकून राहते आणि ऊब धरते. दुसरं म्हणजे लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पिते तरी हाताला ओली लागत नाही. चढ चढताना कपाळाला घाम येतो, माणूस थांबला की तोच घाम गार पडतो. अ‍ॅक्रिलिक ओल पीत नाही, घाम कातडीवरच राहतो. तिथे खरी लोकरच हवी, दुप्पट-तिप्पट पैसे पडले तरी.

मात्र खरी म्हणजे कुठलीही नव्हे. आपल्या भागात धनगरी घोंगडी कुणाला माहीत नाही? चिंचोक्याची खळ दिलेली ती घोंगडी पाऊस अंगावर घेते. पण ती दख्खनी मेंढीची राठ लोकर कपाळाला टोचते. टोपीसाठी मेरिनो जातीच्या मेंढीची असते तशी मऊ लोकर घ्यावी आणि घेण्याआधी मानेला, कानामागे घासून बघावी. हाताच्या तळव्याला टोचणं कळत नाही.

आजीसाठी मी आधी चटकन अ‍ॅक्रिलिक म्हणाले. बेळगाव परिसर ७५० मीटरच्या आसपास, डिसेंबर-जानेवारीत पहाटे १३-१४ अंश, एखाद्या रात्री त्याहून खाली. नऊ वाजता ऊन अंगणात आलं की टोपी खुंटीला. एवढ्या थंडीला अ‍ॅक्रिलिक भरपूर झालं. धुण्याचा प्रश्नही होता. मी स्वतः एकदा मऊ लोकरीची, आठ दिवस खपून विणलेली टोपी धुवायला टाकली आणि कुणीतरी ती बाकीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात घालून मशीन फिरवलं. बाहेर आली ती नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी घट्ट, तीन वर्षांच्या नातवाच्याही डोक्यात जाईना. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. अ‍ॅक्रिलिकला ही भीती नाही.

मग मी विचारलं, आजी पहाटे करते काय? "बंब पेटवते, मग चुलीपुढं बसते." तिथे माझं मत बदललं. जाळाशी रोज बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर वितळणारा धागा मी घालणार नाही. शेतावर शेकोटीभोवती बसणाऱ्यांनाही हेच लागू. आजीसाठी सुपरवॉश लोकर शोधायला सांगितली. तिच्यावर प्रक्रिया केलेली असल्यामुळे खवले अडकत नाहीत, ती मशीनमध्येही धुता येते. ओली असताना सैल पडते, म्हणून टांगू नये, पंचावर सपाट पसरून वाळवावी. निम्मं निम्मं मिश्र सूत दोघांचा मध्य वाटतो खरा, पण आगीपुढे त्यावर माझा भरवसा नाही.

मग अ‍ॅक्रिलिक कुणाला? कॉलेजला जाणाऱ्या पोरांना, मळवणाऱ्या लहान मुलांना, आणि पहिल्यांदाच वेणी शिकणाऱ्याला. उसवून पुन्हा विणायला ते सोसतं, पैसेही कमी जातात. इस्त्री मात्र कधी फिरवू नका. एका वाफेत वेण्या चपट्या होतात आणि पुन्हा उठत नाहीत. स्कूटरवर सकाळी जाणाऱ्यांनी तर जाड टोपीचा नादच सोडावा. हेल्मेटखाली ती घातली की हेल्मेट नीट बसत नाही. त्यांना पातळ कानटोपी बरी.

आता वेणीबद्दल, कारण टोपी बिघडते ती इथेच. वेणी कापड आत ओढते. ५.५ ते ६ मिलिमीटरच्या सुईवर, म्हणजे आपल्याकडच्या ५ किंवा ४ नंबरच्या, जाड धाग्याचे माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये १४ टाके बसतात. साध्या टोपीला मी ६८ टाके घालते, वेणीच्या टोपीला ८०. सहा टाक्यांची वेणी, दोन उलट, असे दहा भाग. ते दोन उलट गाळू नका, त्यांच्यामुळेच वेणी उठून दिसते. पीळ देताना सहातले पहिले तीन टाके जादा सुईवर काढून ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग काढलेले तीन. जादा सुई पुढे धरली तर वेणी डावीकडे वळते, मागे धरली तर उजवीकडे. आठ ओळींनी एकदा पीळ द्यावा. जादा सुई नसेल तर पेन्सिलही चालते.

जाड धागा मिळाला नाही तर साध्या धाग्याचे दोन पदर एकत्र घ्या, फक्त सुई दोन्हींतून जातेय ना ते बघत राहा. गोल सुई की दोन सुया? गोल सुईवर शिवण येत नाही आणि सुलट बाजू सतत डोळ्यांसमोर राहते. दोन सुयांवर हात बसला असेल तर तशीच विणा, शिवणीसाठी दोन टाके वाढवून ८२ घाला.

दादाच्या टोपीची बॉर्डर, दोन सुलट दोन उलट, दुप्पट लांब विणून आत दुमडायला सांगितली, कानांवर दोन थर येतात. आजीची बॉर्डर एकेरी. जाड धागा एका टोपीला १०० ते १२५ ग्रॅम लागतो, पण लडी एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या घ्यायच्या आणि एक जास्त, उरली तर परत घेणार का ते आधीच विचारून. रविवारी ती बाजारात जाणार आहे. काडेपेटी बरोबर नेऊ नकोस, लेबल वाच आणि मानेला घासून बघ, एवढं बजावलंय.